इस्ट्रोजेनची पातळी का बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिला मंडळाच्या बैठकीत पाळीचा विषय निघाला की हल्ली एखादी तरी बाई मोबाईलवर लॅबचा रिपोर्ट उघडून दाखवते. "इस्ट्रॅडिऑल ३८" असा आकडा असतो, शेजारी चार-पाच रेंज छापलेल्या असतात. हे कमी की जास्त, एवढेच तिला विचारायचे असते. पण ३८ हा आकडा पाळीच्या दुसऱ्या दिवशी अगदी ठीक असतो, अंडं फुटायच्या सुमारास अपेक्षेपेक्षा बराच कमी आणि पाळी जाऊन पाच वर्षे झालेल्या बाईच्या रिपोर्टात थोडा जास्त. म्हणून वय, पाळीचा दिवस आणि चालू असलेल्या गोळ्या विचारल्याशिवाय कोणीही या आकड्यावर मत देऊ नये, असे माझे ठाम म्हणणे आहे. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत बायका जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

इस्ट्रोजेन म्हणजे नेमके काय? ते पाळीपुरतेच असते का?

इस्ट्रोजेन हे एकाच पदार्थाचे नाव नाही. त्या नावाखाली काही हार्मोन येतात. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत मुख्य काम इस्ट्रॅडिऑल करते आणि ते बहुतांश अंडाशयात तयार होते. पाळी गेल्यावर इस्ट्रोनचा वाटा वाढतो. ते प्रामुख्याने शरीरातल्या चरबीत बनते. गरोदरपणात वारेच्या मदतीने इस्ट्रिऑल मोठ्या प्रमाणावर तयार होते.

सुरुवात कोलेस्टेरॉलपासून होते. त्यापासून आधी अँड्रोजेन, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी हार्मोन समजतो ते, तयार होतात आणि अरोमाटेज नावाचे एन्झाइम त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. या एन्झाइमचे नाव लक्षात ठेवा. वजन, कॅन्सरच्या गोळ्या, पुरुषांच्या छातीची वाढ या सगळ्यांच्या उत्तरात ते पुन्हा येणार आहे.

एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी या अमेरिकी संशोधकांनी १९२३ मध्ये अंडाशयातल्या या हार्मोनचा परिणाम उंदरांवर दाखवला. १९२९ मध्ये डॉयझी आणि जर्मनीतले ॲडॉल्फ ब्युटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन वेगळे काढले. त्यानंतर हाडे, मेंदू, रक्तवाहिन्या, त्वचा, मूत्रमार्ग, योनी अशा कितीतरी ठिकाणी इस्ट्रोजेनचे काम चालते हे समजत गेले. त्यामुळे पातळी घसरली की तक्रारी पाळीपुरत्या राहत नाहीत. झोप उडते, लघवीला जळजळ होते, सांधे दुखतात आणि बाई प्रत्येक तक्रारीसाठी वेगळ्या डॉक्टरकडे जात राहते.

महिनाभरात पातळी किती वर-खाली होते?

पुष्कळ. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत इस्ट्रॅडिऑल साधारण २० ते ८० पिकोग्रॅम प्रति मिली असते. फॉलिकल, म्हणजे अंडाशयातली अंडं असलेली बारीक पिशवी, वाढू लागली की ते चढते आणि अंडं फुटण्याच्या आधी २०० ते ४०० पर्यंत, कधी त्याहूनही वर जाते. ही उंची एखाद-दोन दिवसच टिकते. तिच्यामुळेच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हार्मोनचा लोट येतो आणि अंडं फुटते. मग इस्ट्रोजेन थोडे उतरते, पाळीआधीच्या दोन आठवड्यांत पुन्हा मध्यम चढते आणि गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन या अंडाशयातल्याच दुसऱ्या हार्मोनसोबत खाली येते. त्या उतरणीत गर्भाशयाचे अस्तर सुटते, पाळी येते. काही जणींची अर्धशिशी नेमकी याच दोन-तीन दिवसांत उठते, तीही या उतरणीमुळेच.

पाळी गेल्यावर आकडा बहुधा २० ते ३० च्या खाली राहतो. प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी असल्याने रेंजही थोड्या वेगळ्या असतात. म्हणून पणजीतल्या एका लॅबचा आकडा मडगावातल्या दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून बघत बसू नये.

लेक इंग्लंडला आहे. तिचा रिपोर्ट १४० आला आणि माझा ३८. एवढा फरक?

फरक नाहीच. तिकडे पिकोमोल प्रति लिटर हे एकक वापरतात, आपल्याकडे पिकोग्रॅम प्रति मिली. आपल्या आकड्याला ३.६७ ने गुणले की त्यांचा आकडा मिळतो. ३८ गुणिले ३.६७ म्हणजे जवळपास १४०. गोव्यातली इतकी घरे परदेशाशी जोडलेली आहेत की हा गोंधळ वारंवार होतो. आकडा वाचण्याआधी त्यापुढचे एकक वाचा.

रक्त कधी द्यायचे? उपाशीपोटी जावे लागते का?

इस्ट्रॅडिऑलसाठी उपाशी राहावे लागत नाही. सोबत साखर किंवा चरबीची तपासणी असेल तर लॅबवाले तसे सांगतील. मूल राहण्याच्या तपासण्यांत बहुतेकदा पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एफएसएचसोबत (अंडाशयाला कामाला लावणारे पिट्युटरीतले हार्मोन) ही चाचणी करतात. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या संध्याकाळी दिसलेला डाग मोजायचा नाही. एफएसएच वगळून नुसते इस्ट्रॅडिऑल पाहिले तर फसगत होऊ शकते. अंडाशय थकत आलेले असताना मेंदू एफएसएच वाढवून त्याला जोराने कामाला लावतो आणि इस्ट्रॅडिऑल वरवर चांगले दिसते.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा. बायोटिनमुळे काही हार्मोन चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात, म्हणून दोन-तीन दिवस आधी ती बंद ठेवायला सांगतात. केसांच्या गोळीचा पाळीच्या तपासणीशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही चाचणी करण्यात सहसा अर्थ नसतो. गोळीतले इस्ट्रोजेन इथिनाइल इस्ट्रॅडिऑल या वेगळ्या प्रकारचे असते, नेहमीची चाचणी ते मोजत नाही, आणि शरीराचे स्वतःचे उत्पादन गोळीने दाबलेले असते. रिपोर्ट 'फार कमी' येतो आणि बाई घाबरते.

मी ४७ वर्षांची. कधी दोन महिने पाळी नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. इस्ट्रोजेन तपासून घेऊ का?

निदानासाठी बहुधा गरज नाही. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. तिच्या आधीची काही वर्षे अंडाशय अनियमित चालतात. एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन तरुणपणीपेक्षाही वर जाते, स्तन दुखतात, स्राव भरपूर होतो. पुढच्या महिन्यात ते तळाला जाते, रात्री घामाने जाग येते. सोमवारी काढलेले रक्त गुरुवारची गोष्ट सांगू शकत नाही. ४५ च्या पुढे लक्षणे आणि पाळीचा इतिहास एवढ्यावर डॉक्टर निदान करू शकतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात.

रक्त तपासायचेच असेल तर या वयात हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच आधी पाहा. महिनोन्महिने जास्त अंगावरून जाऊन हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या बायका "वयच झालंय" म्हणत घरकाम ओढत राहतात. त्यांचा थकवा इस्ट्रोजेनच्या नावावर घालणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवा. तारखांची ती नोंद डॉक्टरांना कुठल्याही एका रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

मे महिन्यात सगळ्यांनाच घाम येतो. हॉट फ्लॅश वेगळा कसा ओळखायचा?

गोव्याच्या दमट उन्हाळ्यात हा प्रश्न अगदी रास्त आहे. हवेचा उकाडा सगळ्या अंगाला होतो आणि पंख्याखाली बसले की उतरतो. हॉट फ्लॅश अचानक येतो: छातीतून किंवा मानेतून उष्णता वर चढते, चेहरा तापतो, घाम फुटतो, काही वेळा धडधडते, एक ते पाच मिनिटांत ओसरतो आणि मागून थंडी वाजल्यासारखे होते. इस्ट्रोजेन घटल्यावर मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते आणि जराशा उष्णतेलाही अंग थंड करण्याची घाई करते. गरम चहा, तिखट आमटी, दारू यांनी तो उठू शकतो.

रात्री घाम येतो, पण सोबत संध्याकाळचा बारीक ताप, खोकला किंवा वजनात घट असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. वजन घटते आहे, हात थरथरतात, सतत धडधड आहे, अशा वेळी थायरॉइड पाहावे.

चवथीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेते. त्याने इस्ट्रोजेन बिघडते का?

श्रावण सरत आला की फार्मसीत या गोळीची मागणी वाढते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नैवेद्य करायचा, घर माणसांनी भरलेले, आणि पाळीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात. पाळीत देवाजवळ जावे की नाही हा ज्या त्या घरचा आणि बाईचा प्रश्न. गोळीची माहिती मात्र प्रत्येकीला हवी.

ही गोळी साधारणपणे नॉरएथिस्टेरॉनची असते, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून दोन किंवा तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. ती प्रोजेस्टेरॉनच्या जातीची आहे आणि अस्तराला धरून ठेवते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी बाईने कधीतरी थोडे दिवस घेतली तर इस्ट्रोजेनची घडी कायमची विस्कटत नाही. एखादी पाळी मागेपुढे होते, इतकेच.

सांभाळायची गोष्ट दुसरी आहे. या डोसमध्ये घेतलेल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इथिनाइल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतल्याच इस्ट्रोजेनमध्ये. त्यामुळे जिला पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, जिच्या रक्ताच्या नात्यात तसे झाले आहे, जिला डोळ्यांपुढे चमकारे येऊन अर्धशिशी होते, जी सिगारेट ओढते किंवा जिचे वजन खूप आहे, तिने शेजारणीच्या सांगण्यावरून ही गोळी घेऊ नये. गरोदर नाही याची खात्री आधी करा. ही गोळी गर्भ रोखण्यासाठी नाही. चवथीला, मग दसऱ्याला, मग जत्रेला असे वर्षातून कितीदा तरी घेत असाल तर डॉक्टरांशी एकदा नीट बोला. फार्मसीवाल्याने या आजारांविषयी न विचारता पट्टी हातात दिली तर तुम्हीच आपणहून सांगा. आणि गोळ्या चालू असताना एका पोटरीला सूज येऊन ती दुखली किंवा दम लागला, तर समारंभ बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा.

माला-एन, छाया आणि अंतरा यांपैकी कशात इस्ट्रोजेन असते?

तिन्ही सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात, पण काम वेगवेगळे. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे कृत्रिम हार्मोन) दोन्ही आहेत. छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, पूर्वी 'सहेली' नावाने बाजारात आलेली गोळी. तिच्यातल्या ऑर्मेलॉक्सिफेन या औषधात इस्ट्रोजेन नाही. ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीत हार्मोन जिथे जोडला जातो त्या जागेवर, बसते आणि गर्भाशयात त्याचे काम अडवते. अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचे प्रोजेस्टिनचे इंजेक्शन. त्याने शरीरातले इस्ट्रोजेन घटते, हाडांची घनता थोडी कमी होते आणि इंजेक्शन थांबवल्यावर बहुतांशी भरून येते. असुरक्षित संबंधांनंतर घ्यायची बाजारातली 'आय-पिल' ही लिव्होनॉरजेस्ट्रेल आहे, इस्ट्रोजेन नाही.

क्षयावरचे रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधे चालू असताना यकृत गोळीतले हार्मोन झपाट्याने मोडते आणि माला-एनवर भरवसा ठेवता येत नाही. क्षयाचे उपचार सुरू करताना गर्भनिरोधनाविषयी स्वतःहून विचारा.

डॉक्टरांनी मूल राहावे म्हणून लेट्रोझोल दिली. नेटवर तर ती कॅन्सरची गोळी आहे असे लिहिलेय!

दोन्ही खरे आहे. लेट्रोझोल अरोमाटेजला अडवते. पाळी गेलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर असेल तर ती वर्षानुवर्षे रोज देतात, कारण तिथे इस्ट्रोजेन तळाशी ठेवायचे असते. सांधे दुखणे आणि हाडे विरळ होणे हे त्याचे त्रास. मूल राहण्यासाठी ती पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस देतात. इस्ट्रोजेन थोडे घसरले की पिट्युटरी एफएसएच वाढवते, फॉलिकल वाढते, तोवर गोळी शरीरातून निघून गेलेली असते. भारतात २०११ मध्ये या वापरावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. न घाबरता घ्या, फक्त फॉलिक्युलर सोनोग्राफीच्या तारखा चुकवू नका.

ॲसिडिटीच्या कॅप्सूलने पाळी थांबते, हे खरे का?

काही कॅप्सूलने थांबू शकते. पँटोप्रॅझोलसोबत डॉमपेरिडोन किंवा लिव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास चालतात, चिठ्ठी एकदाची आणि कॅप्सूल वर्षभर. ही जोडीची औषधे प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे हार्मोन, वाढवतात. वाढलेले प्रोलॅक्टिन मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशारा दाबते, इस्ट्रोजेन घटते, पाळी लांबते, क्वचित मूल नसतानाही छातीतून दूध येते. मानसिक आजारावरची रिस्पेरिडोनसारखी औषधेही हे करतात. ती मात्र मनाने बंद करू नयेत. पाळी चुकली की इस्ट्रोजेनच्या आधी गरोदरपणाची तपासणी, मग टीएसएच आणि प्रोलॅक्टिन, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवणे, हा क्रम ठेवा.

बाळंतपणानंतर योनीत कोरडेपणा, रडू येते. हेही इस्ट्रोजेनचेच का?

बऱ्याच अंशी. गरोदरपणात इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट वाढलेले असते आणि वार पडल्यावर काही दिवसांतच कोसळते. अंगावर पाजणे चालू असेतोवर प्रोलॅक्टिनमुळे ते खालीच राहते. कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणे हे त्यातून येते आणि दूध कमी झाले की सुधारते. पहिले आठ-दहा दिवस रडू येणे नेहमीचे. दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल, बाळाजवळ जावेसे वाटत नसेल, तर ते बाळंतपणातले नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. घरच्यांनी "सगळ्यांनाच होतं" म्हणून ते झटकू नये.

एक आजार मात्र सहज निसटतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, नंतर दूधच आले नाही, पाळी परतली नाही, अंग सतत गळालेले, अशी हकिकत असेल तर पिट्युटरीला इजा झालेली असू शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. कित्येक बायकांचे निदान वर्षांनंतर होते.

वजनाचा आणि इस्ट्रोजेनचा काय संबंध?

चरबीत अरोमाटेज असते, त्यामुळे चरबी जास्त तर तिथे बनणारे इस्ट्रोजेन जास्त. पाळी गेल्यानंतर हे इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या अस्तराला आणि स्तनांना सतत चाळवत राहते. स्थूल बायकांत त्या वयात या दोन्ही ठिकाणच्या कॅन्सरचा धोका वाढण्याचे ते एक कारण. उलट बाजूने, फारच कमी खाणे, अति व्यायाम किंवा झपाट्याने उतरवलेले वजन यांनी मेंदू अंडाशयांचे काम थांबवतो. लग्नाआधी बारीक होण्यासाठी जेवण तोडलेल्या मुलींची पाळी जाते ती यामुळेच. पोटभर खाणे हाच त्यावरचा पहिला उपाय.

पीसीओडी, म्हणजे अंडं वेळेवर न फुटण्याचा अंडाशयाचा विकार, त्यात इस्ट्रोजेन सहसा कमी नसते. अंडं वेळेवर फुटत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि अस्तर एकट्या इस्ट्रोजेनवर वाढत जाते. तीन-तीन महिने पाळी न येणे म्हणूनच दुर्लक्षायचे नसते. इंटरनेटवर 'इस्ट्रोजेन डॉमिनन्स' नावाने चूर्ण आणि 'डिटॉक्स' विकतात. ते वैद्यकीय निदान नाही, पैसे घालवू नका.

पिशवी काढली. आता इस्ट्रोजेन संपले का?

पिशवी, म्हणजे गर्भाशय, इस्ट्रोजेन बनवत नाही. अंडाशये ठेवली असतील तर पाळी थांबेल पण इस्ट्रोजेन चालू राहील, फक्त अंडाशये एरवीपेक्षा थोडी लवकर थकू शकतात. दोन्ही अंडाशयेही काढली असतील तर पातळी दोन-तीन दिवसांतच कोसळते आणि हॉट फ्लॅश, निद्रानाश जोरात सुरू होतात, कारण शरीराला सवय व्हायला वर्षे मिळालेली नसतात.

माझ्या जिवाला लागणारी गोष्ट ही, की ऑपरेशन झालेल्या अनेक बायकांना आपली अंडाशये आहेत की गेली हेच ठाऊक नसते. "सगळं काढलं" एवढेच सांगितलेले असते. डिस्चार्ज कार्ड आणि बायॉप्सीचा रिपोर्ट मागून घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. ४५ च्या आत दोन्ही अंडाशये गेली असतील आणि कॅन्सरसारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा विचार डॉक्टरांनी करायला हवा. हाडे आणि हृदय दोन्हींसाठी ते महत्त्वाचे आहे. आणि अजून ऑपरेशन व्हायचे असेल तर विचारा: अंडाशये का काढायची? गाठींसाठी पिशवीच काढायला हवी का, गोळ्या किंवा हार्मोन असलेली तांबीसारखी साधने आधी वापरता येतील का? पाळी गेल्यावर या गाठी (फायब्रॉइड) बहुधा आपोआप आकसतात. दुसरे मत घेणे हा डॉक्टरांचा अपमान होत नाही.

चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर?

सलग तीन-चार महिने थांबली असेल तर वाट पाहू नका. या वयात रक्ताची तपासणी खरोखर उपयोगी आहे: एफएसएच बराच वाढलेला आणि इस्ट्रॅडिऑल कमी, असे चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा आले तर अंडाशयांचे काम अकाली मंदावले आहे असा संशय पक्का होतो. कीमोथेरपी, ओटीपोटावरचे रेडिएशन, टर्नर सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतले बदल, शरीराने स्वतःच्याच अंडाशयांवर केलेला हल्ला ही काही कारणे. पुष्कळदा कारण सापडत नाही. धूम्रपानाने पाळी एक-दोन वर्षे आधी जाते.

सोया, जवस, नाचणी, मासळी, ब्रॉयलर कोंबडी... खाण्याने काय होते?

सोया आणि जवसातली द्रव्ये इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर अगदी मंद काम करतात. रोजच्या जेवणातल्या प्रमाणाने रक्तातली पातळी फारशी हलत नाही, त्यामुळे त्यांना घाबरायचेही नाही आणि त्यांच्यावर विसंबायचेही नाही. नाचणीने इस्ट्रोजेन वाढत नाही. पण १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि इस्ट्रोजेन घटल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. म्हणून सकाळचे तिजाण (नाचणीची पेज) आणि काट्यांसकट खाता येणारे तारले, मोतयाळी ही या वयाला फार चांगली. सोबत ऊन, ड जीवनसत्त्व आणि वजन उचलण्याचा व्यायाम.

कोंबडीला हार्मोनची इंजेक्शने देतात आणि त्यामुळे मुलींना लवकर पाळी येते, हे जवळपास प्रत्येक गावात ऐकू येते. ब्रॉयलर लवकर वाढतो तो निवडलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. या भीतीला जुना आधार मात्र आहे: अमेरिकेत डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन कोंबड्यांना देत आणि १९५९ मध्ये ते थांबवले गेले. मुलीला आठ वर्षांच्या आत छाती येऊ लागली तर कोंबडीला दोष देत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ नाही किंवा पंधरापर्यंत पाळी नाही, तरीही दाखवा.

पुरुषांमध्ये इस्ट्रोजेन असते का?

असते आणि लागतेही. त्यांच्यात अरोमाटेज ते टेस्टोस्टेरॉनपासून बनवते आणि त्याशिवाय त्यांची हाडे टिकत नाहीत. वाढते ते बहुधा पोटावरच्या चरबीने आणि यकृत बिघडल्याने. वर्षानुवर्षे दारू पिऊन यकृत निकामी होत आले की छाती वाढते, अंगावर कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात, वृषणे आकसतात. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसम दोन महिन्यांचा, पण ज्याचा ग्लास बारमाही असतो त्याच्या घरच्यांनी ही चिन्हे ओळखावीत. वाढत्या वयातल्या मुलांची छाती थोडी दुखून फुगते, ते मात्र नेहमीचे आहे आणि बहुतेकांत दोनेक वर्षांत जाते. पुरुषाच्या एकाच बाजूच्या छातीत कडक गाठ लागली तर तपासायलाच हवी.

ट्रान्स स्त्रीने गर्भनिरोधक गोळ्या घेऊन इस्ट्रोजेन वाढवले तर चालते का?

नाही. त्या गोळ्यांतले इथिनाइल इस्ट्रॅडिऑल जास्त प्रमाणात घेतले की गुठळ्यांचा धोका बराच वाढतो. यासाठी इस्ट्रॅडिऑल हेच औषध, एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळाने रक्त तपासत घेतात. रक्तातला आकडा नियमित मोजणे इथे आवश्यक आहे.

हार्मोन थेरपीने कॅन्सर होतो ना? मग का घ्यायची?

ही भीती मुख्यतः २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला तेव्हा पसरली. त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटलेले. आज समज असा आहे, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर जास्त असेल आणि अडचण नसेल तर फायदा सहसा धोक्यापेक्षा मोठा असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतेच, नाहीतर अस्तर वाढते. काही वर्षे दोन्ही एकत्र घेतल्यास स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हे लपवायचे कारण नाही. जेल किंवा पॅचमधून दिलेल्या इस्ट्रोजेनने गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर सहसा देत नाहीत. थायरॉइडची गोळी चालू असताना तोंडाने इस्ट्रोजेन सुरू केले तर थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावे.

नुसता कोरडेपणा, लघवीची जळजळ, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग एवढाच त्रास असेल तर योनीत लावायचे कमी मात्रेचे मलम पुरते. रक्तातली पातळी त्याने जेमतेम हलते. लाजेने कोणी हा विषय काढत नाही आणि साध्या उपचाराने बरे होणारे दुखणे बायका वीस-वीस वर्षे सोसतात. मोकळेपणाने सांगा.

गोव्यात कुठे दाखवायचे, आणि कशासाठी थांबू नये?

आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालये, फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय, आणि पुढे बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), जिथे स्त्रीरोग विभाग आणि इतर तज्ज्ञ आहेत. जाताना पाळीच्या तारखा, सगळ्या गोळ्यांची पाकिटे, जुने रिपोर्ट आणि ऑपरेशनची कागदपत्रे न्या. कोकणीत बोला, मराठीत बोला, पण 'अंगावरून किती जाते' हे आकड्यात सांगा: दिवसाला किती पॅड, गाठी पडतात का, रात्री उठून बदलावे लागते का.

पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसले, मग तो एकच डाग का असेना, तर त्याच आठवड्यात दाखवा. बहुतेकदा कारण साधेच निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर याच खुणेने लवकर सापडतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. स्तनातली नवी गाठ, बोंडशीतून रक्ताळ स्राव, तासाला एक पॅड भिजेल इतका स्राव, एका पायाची दुखरी सूज किंवा अचानक लागलेला दम यांपैकी काहीही असेल तर इस्ट्रोजेनच्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका. दम आणि पायाच्या सुजेसाठी त्याच क्षणी १०८ ला फोन करा.